एमएस झालं, आता फक्त लेबर रूमच करायची आहे? मग पुढचं ट्रेनिंग कसं आखायचं

हे लिहितेय ते स्त्रीरोग-प्रसूतीशास्त्रात एमएस केलेल्या अशा पोरापोरींसाठी, ज्यांना स्वतःचं नर्सिंग होम टाकायचं नाहीये, आयव्हीएफमध्ये जीव नाही, लॅप्रोस्कोपी येते पण ओढ नाही, आणि लेबर रूममध्ये उभं राहिलं की मात्र तहानभूक हरपते. एमएस किंवा डीएनबीचा निकाल लागला की घरातनं पहिला प्रश्न येतो, मग दवाखाना कोल्हापुरात कुठं टाकायचा, राजारामपुरीत की ताराबाई पार्कात. आणि तुम्ही म्हणालात की मला टाकायचाच नाही, मला मोठ्या हॉस्पिटलमध्ये फुल टाइम डिलिव्हरी बघायच्यात, की सगळे असं बघतात जणू काही तुम्ही शिकलेलं वाया घालवताय. तर वाया वगैरे काही जात नाही, उलट हे एक वेगळं काम आहे, त्याला वेगळी तयारी लागते, आणि ती तयारी एमएसच्या तीन वर्षांत पूर्ण होत नाही.

अमेरिकेत या कामाला २००३ पासून नाव आहे, लुई वाइनस्टाइन नावाच्या डॉक्टरांनी तेव्हा लेबरिस्ट ही कल्पना मांडली, म्हणजे असा ऑब्स्टेट्रिशियन (बाळंतपणाचा डॉक्टर) ज्याची ओपीडी नाही, बाहेरची प्रॅक्टिस नाही, तो ड्युटीभर लेबर रूममध्येच असणार. पुढं २०११ मध्ये या लोकांची स्वतःची सोसायटी झाली आणि तिकडे चार वर्षांची रेसिडेन्सी झाल्यावर वर देण्यासाठी साधारण वर्षभराच्या फेलोशिप निघाल्या. त्यात नुसत्या डिलिव्हरी करत बसत नाहीत बरं का, इमर्जन्सी ड्रिल, आयसीयूतली गरोदर बाई, अवघड सिझर, टीम चालवणं, वॉर्डचं ऑडिट, असं सगळं येतं. आपल्याकडे या नावाची वाट अजून रुळलेली नाही, म्हणून तुम्हालाच चार ठिकाणचे तुकडे जोडून ती करायची आहे. हे जमतं, पण आखणी पाहिजे.

आता कोल्हापुरात याची गरज का, तर नकाशा बघा. गगनबावडा साधारण ५५ किलोमीटर, चंदगड शंभराच्या वर, शाहूवाडी, आजरा, राधानगरी, सगळीकडनं अडलेली बाई शेवटी कोल्हापूरलाच येते, घाटाखालनं सिंधुदुर्गातली येते, निपाणी-चिकोडीकडनं कर्नाटकातली येते. सीपीआरला, म्हणजे इथल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलला, कुठल्याही रात्री गेलात तर १०८ उभी असते आणि तिच्यातनं कोण उतरणार हे आधी कुणालाच माहीत नसतं. पावसाळ्यात रस्त्यावर पाणी आलं की दोन तासाचे चार तास होतात. अशी बाई दारात आल्यावर सर घरनं निघालेत, येतीलच, हे उत्तर चालत नाही. आपल्या गावात बऱ्याच ठिकाणी एकच कन्सल्टंट दोन-तीन नर्सिंग होमला कॉलवर असतो, तो माणूस चांगलाच असतो, हातही चांगला असतो, पण एका वेळी एकाच जागी असतो. मला या सगळ्यात एकच म्हणायचंय: जागेवर हजर असलेला आणि रक्तस्राव, झटके, अडलेलं डोकं या तिन्हीला न घाबरता हात घालणारा माणूस तयार करणं हे ट्रेनिंगचं काम आहे, सर्टिफिकेट दुय्यम आहे. त्यामुळं जागा निवडताना नाव बघू नका, रात्री दोन वाजता तुमच्या हातात काय देतात ते बघा.

मग वाटा कुठल्या कुठल्या.

पहिली आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे सीनियर रेसिडेन्सी (एसआर). सरकारी कॉलेजातनं पीजी केलं असेल तर बॉण्डचं वर्ष तसंही आहेच, आणि पुढं असिस्टंट प्रोफेसर व्हायचं असेल तरी एसआरचं वर्ष बहुतेक वेळा लागतं. बहुतेक जण हे वर्ष कसंतरी ढकलतात, परीक्षेचा अभ्यास नाहीतर दवाखान्याची जागा शोधणं. तसं करू नका. रेफरल येणारं, ब्लड बँक असलेलं, एचडीयू (आयसीयूच्या खालोखालची खोली) असलेलं सरकारी हॉस्पिटल मागून घ्या. एमएसला असताना तुमच्या मागं कुणीतरी उभं होतं, एसआर झालात की मागं उभे राहणारे तुम्हीच, खाली जेआर थ्री, म्हणजे पीजीच्या तिसऱ्या वर्षाचा पोरगा, हात थरथरत फोरसेप्स (बाळाचं डोकं धरायचा चिमटा) लावतोय आणि निर्णय तुमचा, हे शिक्षण पैसे देऊन मिळत नाही. आपल्या कोल्हापुरातच राहायचं असेल तर राजर्षी शाहू महाराज मेडिकल कॉलेज म्हणजे सीपीआर आहे, कदमवाडीला डी. वाय. पाटील आहे, पण शक्य असेल तर वर्षभर तरी गावाबाहेर काढा, दुसऱ्या युनिटच्या सवयी बघितल्याशिवाय आपल्या सवयी दिसत नाहीत.

दुसरी वाट नॅशनल बोर्डाची, हाय रिस्क प्रेग्नन्सी आणि पेरिनेटॉलॉजीचं (जोखमीच्या गरोदरपणाचं) एफएनबी, म्हणजे बोर्डाची फेलोशिप, दोन वर्षं, त्याला प्रवेश परीक्षा असते. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाच्या म्हणजे एमयूएचएसच्याही फेलोशिप आहेत. यात एक गोष्ट नीट समजून घ्या, हाय रिस्क फेलोशिप म्हणजे लेबर रूम फेलोशिप नव्हे. काही सेंटरला फेलो दिवसभर सोनोग्राफीच्या खोलीत असतो, अनॉमली स्कॅन, डॉप्लर, उत्तम शिकतो, पण वर्षभरात रात्रीची लेबर रूम बघत नाही. ज्याला फीटल मेडिसिन, म्हणजे पोटातल्या बाळाचे आजार, करायचंय त्याला ते सोनं आहे. तुम्हाला नाही. अर्ज करायच्या आधी हे विचारा.

तिसरी वाट एमआरसीओजी, म्हणजे तिकडच्या रॉयल कॉलेजची (आरसीओजीची) परीक्षा, देऊन इंग्लंड. तीन पार्ट आहेत, वेळ आणि पैसा दोन्ही जातो, पण तिकडं रजिस्ट्रार लेबर वॉर्डवर हजर असतो आणि कन्सल्टंट, मिडवाइफ, भूलतज्ज्ञ मिळून राउंड घेतात, ती शिस्त शिकण्यासारखी आहे. आरसीओजीची वरची स्पेशल मॉड्यूल २०२४ पासून नव्या रचनेत आलीत, त्यामुळं दहा वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या सिनियरने सांगितलेलं मॉड्यूलचं नाव शोधत बसू नका, आताचा अभ्यासक्रम बघा.

आणि मग छोटे कोर्स. बाळंतपणातल्या इमर्जन्सीचे आल्सो आणि प्रॉम्प्ट, हृदय बंद पडल्यावरचे बीएलएस, एसीएलएस, नवजात बाळाचं एनआरपी, आणि फॉग्सी (आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना) व तिच्या आयसीओजीचे कोर्स. हे दोन-तीन दिवसांचे असतात, करा, सगळे करा, पण एकट्याने जाऊन आलात तर अर्धाच फायदा. प्रॉम्प्ट हे ब्रिस्टलमधनं आलं ते याच विचाराने की डॉक्टर, सिस्टर, भूलवाले, सगळ्यांनी एकत्र आणि आपल्याच लेबर रूममध्ये सराव करायचा. कोर्सवरनं परत आलात की आठवड्याच्या आत आपल्या वॉर्डात एक ड्रिल लावा, मावशी आणि वॉर्डबॉय मामांसकट. रक्ताची पिशवी आणायला मामाच पळणार आहेत, त्यांना ब्लड बँकेत कुठला फॉर्म लागतो हे माहीत नसेल तर तुमचं आल्सोचं सर्टिफिकेट फ्रेममध्येच राहतं.

जागा बघायला जाल तेव्हा एचओडींच्या केबिनमध्ये चहा पिऊन परत येऊ नका. जो फेलो आता बाहेर पडतोय त्याला गाठा, कँटीनला बसवा आणि सरळ विचारा. गेल्या महिन्यात फोरसेप्स किती लागले आणि त्यातले तुझ्या हातचे किती? सेकंड स्टेजचं (पिशवीचं तोंड पूर्ण उघडल्यानंतरचं) सिझर तू करतोस की कन्सल्टंट येईपर्यंत थांबतोस? रात्री भूलतज्ज्ञ हॉस्पिटलमध्ये झोपतो की घरी? प्लेटलेट, एफएफपी (गोठवलेला प्लाझ्मा) याच बिल्डिंगमध्ये मिळतं की रिक्षाने आणायचं? आयसीयूत गेलेली आपली पेशंट तू फॉलो करतोस की तिथं गेली की विषय संपला? सकाळची मीटिंग खरी होते का, आणि केस बिघडली की त्या मीटिंगमध्ये कारण शोधतात की माणूस शोधतात? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. जिथं माणूस शोधतात तिथं लोक लपवायला शिकतात, आणि लपवणाऱ्या युनिटमध्ये तुम्ही काहीही शिकणार नाही. जमलं तर परवानगी घेऊन एक रात्र तिथं काढा. सिस्टर डॉक्टरला मोकळेपणानं म्हणतात का की मॅडम, मला हे बरोबर वाटत नाहीये, एवढं जरी कानावर पडलं तरी जागा चांगली आहे समजा.

आता शिकायचं काय, यावर जरा सविस्तर लिहिते कारण इथंच सगळं आहे.

पीपीएचपासून, म्हणजे डिलिव्हरीनंतरच्या रक्तस्रावापासून, सुरू करा. आपण सगळे रक्त डोळ्यानं मोजतो आणि डोळा नेहमी कमीच मोजतो. २०२३ मध्ये ई-मोटिव्ह नावाचा अभ्यास आला, केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० हॉस्पिटलांत, त्यात नवीन औषध काहीच नव्हतं. डिलिव्हरी झाली की बाईच्या खाली खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी म्हणजे ड्रेप, रक्त मोजायचं, आणि ठराविक रेषेच्या वर गेलं की गर्भपिशवीला मसाज, ती आवळणारं ऑक्सिटोसिन, रक्त थांबवणारं ट्रॅनेक्झॅमिक, सलाइन, तपासणी हे एकामागून एक न करता एकदमच सुरू करायचं. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू, हे मिळून ६० टक्क्यांनी कमी झालं. ६० टक्के! ड्रेप मिळत नसेल तर पॅड आणि मॉप वजनकाट्यावर ठेवा, कोरड्याचं वजन वजा करा, एक ग्रॅम म्हणजे एक मिली धरा. बाळाचा काटा तिथंच असतो, नवीन काही आणायला नको. ट्रॅनेक्झॅमिक १ ग्रॅम दहा मिनिटांत शिरेतनं, आणि डिलिव्हरीपासून तीन तासाच्या आत, हे २०१७ च्या वुमन ट्रायलनं दाखवलं, जितकं लवकर तितकं उपयोगी. कार्बोप्रोस्ट (हेही गर्भपिशवी आवळणारं इंजेक्शन) भरायच्या आधी दमा आहे का विचारायचं, हे तर तोंडपाठ असेलच. आणि नाडीला सिस्टॉलिक बीपीनं भागायची सवय लावा, ०.९ च्या वर गेलं तर बीपी ११० दिसतंय म्हणून निवांत बसायचं नाही. नाडी ११०, बीपी ११०, बाई बोलतेय, हसतेय, आणि तरी ती शॉकच्या उंबरठ्यावर असते. तरुण पोरींची शरीरं शेवटपर्यंत तग धरतात आणि मग एकदम कोसळतात, हे एकदा जवळनं बघितलेला माणूस पुन्हा नुसत्या बीपीवर विसंबत नाही.

हाताचं काम म्हणाल तर कंडोम टॅम्पोनाड, फोली कॅथेटरवर कंडोम बांधून तो गर्भपिशवीत घालून सलाइन भरायचं, बांगलादेशच्या सायबा अख्तर यांनी २००३ मध्ये मांडलेलं, याचा तयार संच लेबर रूममध्ये पिशवीत बांधून ठेवलेला पाहिजे, ऐनवेळी दोरा शोधायचा नाही. गर्भपिशवी आवळून धरणारे बी-लिंच टाके, युटेराइन आर्टरी बांधणं, इंटर्नल इलियाक ही कमरेतली मोठी रक्तवाहिनी बांधणं, आणि सगळ्यात अवघड म्हणजे गर्भपिशवी काढायची कधी हे ठरवणं. इंटर्नल इलियाक शिकायला रक्तात बुडालेलं पोट ही जागा नव्हे, गायनॅक ऑन्कोलॉजीच्या सरांना भेटा, त्यांच्या ऑपरेशनला उभे राहा, पेल्व्हिसची बाजूची भिंत त्यांच्याकडं शांतपणे उघडलेली दिसते.

सेकंड स्टेजच्या सिझरमध्ये खाली रुतलेलं डोकं, यासाठी आपल्याच माणसाची पद्धत आहे, पटवर्धन टेक्निक, १९५७ मध्ये छापून आलेली. डोकं ओढत बसायचं नाही, आधी खांदे बाहेर, मग धड, मग कुल्ले आणि पाय, आणि डोकं सगळ्यात शेवटी वर उचलून. नुसतं वाचून कळत नाही, बाहुलीवर करा, आणि ज्या युनिटमध्ये ही नियमानं करतात तिथं बघा. जगभरातली लोकं ही पद्धत अभ्यासतात आणि आपल्याकडची कित्येक पोरं व्हायवापुरती पाठ करतात, याचं मला वाईट वाटतं.

एक्लॅम्पशियाचं, म्हणजे गरोदरपणातल्या बीपीमुळं येणाऱ्या झटक्यांचं, बघा. त्यावरच्या मॅगसल्फची ५० टक्क्याची अँप्यूल २ मिलीची, तिच्यात १ ग्रॅम. म्हणजे ४ ग्रॅमला चार अँप्यूल, ८ मिली, त्यात १२ मिली सलाइन घालून २० मिली, झाली २० टक्क्याची सिरिंज, ती शिरेतनं हळूहळू, घाईनं ढकलायची नाही. मग प्रत्येक कुल्ल्यात ५ ग्रॅम म्हणजे पाच-पाच अँप्यूल, न मिसळता, खोल. बाई झटके देतेय, नातेवाईक ओरडतायत, अशा वेळी हे गणित डोक्यात होत नाही, म्हणून ट्रेवर अँप्यूल, सिरिंज आणि हिशोबाचा कागद एकत्र चिकटवून ठेवलेला पाहिजे, शेजारी मॅगसल्फचा उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट. पुढचा डोस द्यायच्या आधी गुडघ्याचा रिफ्लेक्स, श्वास, लघवी, तिन्ही बघून आणि लिहून. हे एमएसला शिकलात, मान्य, पण आता तुम्हाला हे दुसऱ्याकडनं चोख करून घ्यायचंय, तेही तुम्ही ओटीत अडकलेले असताना.

यात भर म्हणून महिना-दोन महिने तरी भूल आणि आयसीयूत मागून घ्या. व्हेंटिलेटर तुम्हाला चालवायचा नाहीये, पण इंटेन्सिव्हिस्टची भाषा कळली पाहिजे, आणि गरोदर बाईचं हृदय बंद पडलं तर चार मिनिटांत हालचाल सुरू करून पाचव्या मिनिटाला बाळ बाहेर काढायचं असतं, जागेवरच, ओटीत न नेता, हे तिथल्या लोकांनाही तुमच्यामुळं कळलं पाहिजे. थोडे दिवस एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत), थोडे ब्लड बँकेत. ब्लड बँकेत बसलात की कळतं क्रॉसमॅचला किती वेळ जातो, आणि मग तुम्ही रक्त आधी मागायला लागता.

फोन घेणं हे सुद्धा कौशल्य आहे आणि ते कुणी शिकवत नाही. ग्रामीण रुग्णालयातनं एमओचा (मेडिकल ऑफिसरचा) फोन येतो, मॅडम पेशंट पाठवतोय. ठीक आहे पाठवा, असं म्हणून ठेवायचा नाही. बीपी किती, मॅगसल्फ दिलं का, किती वाजता, कुठं, इंजेक्शन कुल्ल्यात की शिरेत, रक्त किती गेलं, सुई १८ नंबरची लावलीय की २२, कॅथेटर आहे का, सोबत कोण आहे, निघाले किती वाजता. उत्तर नसेल तर ओरडू नका, तो पोरगा तिथं एकटा असतो, त्याला फोनवरच सांगा, हे कर आणि मग गाडी सोड. पेशंट पोहोचल्यावर आणि बरी झाल्यावर त्याला परत एक फोन करा. पुढच्या वेळी तो तासभर आधी फोन करेल, आणि तो तासच बाईला वाचवतो.

नातेवाईकांशी बोलायचं ते उभं राहून, दारातनं नाही. सासूबाईंना मावशी म्हणा, आजी म्हणा, नवऱ्याला बाजूला घ्या, आणि वाईट बातमी असेल तर ती ज्युनियरकडनं पाठवू नका. गावाकडचा माणूस खरं सांगितलं की समजून घेतो हो, त्याला राग येतो तो चार तास कुणी काहीच न बोलल्याचा. सिझरच्या आधी काय वाटतंय, काय होऊ शकतं, हे मराठीत, साध्या शब्दांत, आणि केस पेपरवर वेळ टाकून.

लॉगबुक पहिल्या दिवसापासून ठेवा. नुसतं आकड्यांचं नको. काय केलं, का केलं, कोण सोबत होतं, पुन्हा केलं तर काय बदलेन, असं दोन ओळी. पेशंटचं नाव नको. रॉब्सनचे दहा गट (सिझरच्या ऑडिटसाठी बायकांची केलेली विभागणी) वापरून आपल्या युनिटची सिझर दर महिन्याला मांडा, पहिल्यांदा गरोदर, पूर्ण दिवस, आपोआप कळा सुरू झालेल्या बायकांत सिझर का वाढतंय, हे विचारणारा माणूस प्रत्येक हॉस्पिटलला पाहिजे असतो, भले सुरुवातीला आवडत नसला तरी. लेबर रूमच्या दर्जासाठी सरकारीत 'लक्ष्य' हा कार्यक्रम आहे, खासगीत फॉग्सीचा 'मान्यता' आहे, दोन्हीचे निकष वाचून ठेवा, नोकरीच्या मुलाखतीत यावरच बोलणं होतं आणि कामालाही तेच येतं.

नोकरी घेताना आता. फुल टाइम म्हणजे बारा तासाची शिफ्ट की चोवीस तास, आठवड्यात किती, दुसऱ्या दिवशी सुट्टी आहे का, हे लिहून घ्या. माझ्या ओळखीच्या एका मुलीला तोंडी आठ नाईट सांगितल्या आणि प्रत्यक्षात महिनाभर तिचा फोन कधी बंदच झाला नाही, चार महिन्यांत ती दमून सोडून गेली, हॉस्पिटलचंच नुकसान झालं. पेशंट दुसऱ्या कन्सल्टंटच्या नावावर असेल तर रात्री सिझरचा निर्णय कुणाचा, हे आधी ठरलेलं पाहिजे, कागदावर, सगळ्यांच्या सह्यांनी. नाहीतर बाळाचे ठोके पडतायत आणि तुम्ही परवानगीसाठी फोन लावत बसलाय असं होतं. इन्डेम्निटी (दावा झाला तर लागणारा विमा) हॉस्पिटलची असली तरी स्वतःची वेगळी काढा. वरची डिग्री किंवा फेलोशिप घेतली असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडं काय नोंदवता येतं ते बघून नोंदवून टाका, पाटीवर लिहायच्या आधी.

आणि सोनोग्राफीचं विसरू नका. लेबर रूममधलं छोटं मशीन असलं तरी ते पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान बंदीच्या कायद्याखाली येतं, त्याला हात लावायच्या आधी तुमचं नाव त्या सेंटरच्या रजिस्ट्रेशनवर चढलेलं असलं पाहिजे. माणूस बदलला तर ३० दिवस आधी कळवावं लागतं, आणि एका जिल्ह्यात दोनपेक्षा जास्त सेंटरला नाव देता येत नाही, त्यामुळं आधी कुठल्या मैत्रिणीच्या दवाखान्यात नाव दिलं असेल तर ते पहिल्यांदा काढून घ्या, आणि जॉइनिंगची तारीख ठरवताना हा महिना धरूनच ठरवा.